संगणक उन्नयन

संगणक उन्नयन : जुन्या संगणकाचे काही घटक बदलून किंवा त्यांत भर घालून त्याची कार्यक्षमता वाढविण्याच्या क्रियेस संगणक उन्नयन म्हणतात. व्यवहारात यासाठी ‘अपग्रेड’ हा शब्द रूढ आहे. उन्नयन व दुरुस्ती यांत भेद आहे. दुरुस्तीमुळे यंत्र पूर्वस्थितीला येते, तर उन्नयनामुळे मूळ यंत्रात नसलेली क्षमता त्यात येते. घरगुती संगणकाच्या बाबतीत उन्नयनाची गरज बहुधा खेळांमुळे भासते. पत्रलेखन, हिशेब, अभ्यास व आंतरजालाचा वापर या कामांना आठ-दहा वर्षांपूर्वीचा संगणकही पुष्कळदा पुरतो. परंतु त्रिमितीय दृश्यांचे नवे खेळ त्यावर अडखळत चालतात किंवा सुरूच होत नाहीत. अशा संगणकाचा कोणता घटक बदलावा, कोणता ठेवावा आणि कोणत्या टप्प्यावर थांबावे, हे ठरविणे हा उन्नयनातील मुख्य प्रश्न होय. संगणकाची गती त्याच्या सर्वांत दुर्बळ घटकामुळे मर्यादित होत असल्याने चुकीच्या घटकावर केलेला खर्च जवळजवळ वाया जातो.

जुने यंत्र ठेवून त्याचे मोजकेच भाग बदलण्याची कल्पना संगणकापुरती मर्यादित नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहराचा भाग असलेली नारपोली ही यंत्रमागांची व गोदामांची वस्ती आहे. येथील साध्या यंत्रमागांसारख्या मागांचे जागेवरच उन्नयन करण्याची पथदर्शी योजना केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०१३–१४ मध्ये हाती घेतली. पुढे ती ‘पॉवरटेक्स इंडिया’ या व्यापक योजनेत समाविष्ट झाली. या व्यापक योजनेचा प्रारंभ १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडी येथे झाला. या उन्नयनात मागाचा सांगाडा तोच ठेवून ताण्याचा वा बाण्याचा धागा तुटताच माग थांबविणारी यंत्रणा व इतर काही भाग बसवितात. संगणकाच्या उन्नयनामागील हिशेबही याच स्वरूपाचा असतो : सांगाडा सुस्थितीत असेल व नवा भाग त्याला पेलणार असेल, तरच हा खर्च लाभदायक ठरतो.

इतिहास : घटक बदलता येतील अशी रचना घरगुती संगणकांत सर्वत्र रूढ होण्यास आयबीएम कंपनीचा १९८१ सालचा वैयक्तिक संगणक कारणीभूत झाला. त्याच्या मुख्य फलकावर, म्हणजे मदरबोर्डवर, जादा कार्डे बसविण्यासाठी पाच खाचा होत्या व त्यांची रचना इतर उत्पादकांना उपलब्ध होती. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकाच संगणकात वापरता येऊ लागले. १९९५ मध्ये एटीएक्स हे प्रमाण मांडण्यात आले. त्यामुळे मदरबोर्ड, त्याची पेटी (कॅबिनेट) व वीजपुरवठा घटक यांची मापे व जोडण्या बऱ्याच अंशी सारख्या झाल्या. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला लॅमिंग्टन रोड, ही सुट्या भागांची पेठ म्हणून प्रसिद्ध आहे. सुटे भाग जोडून संगणक तयार करून देण्याचा तेथील व्यवसाय या प्रमाणीकरणावरच उभा राहिला.

खेळांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड वापरण्याची प्रथा १९९० नंतरच्या दशकात वाढली. थ्रीडीएफएक्स कंपनीचे १९९६ सालचे वूडू हे कार्ड केवळ त्रिमितीय दृश्ये रेखाटण्याचे काम करीत असे. नेहमीच्या द्विमितीय चित्रासाठी दुसरे कार्ड लागे. १९९९ मध्ये एन्व्हिडिया कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड विक्रीस आणले. त्यावरील मुख्य चकतीला तिने ‘जीपीयू’ हे नाव दिले व तेच पुढे सर्वसामान्य झाले. कार्ड बसविण्याच्या खाचेतही बदल होत गेले. १९९७ पासून वापरात आलेल्या एजीपी खाचेची जागा २००४ पासून पीसीआय एक्सप्रेस या खाचेने घेतली. या खाचेच्या नव्या-जुन्या आवृत्त्या परस्परानुरूप असल्याने दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डवरही आजचे कार्ड बहुधा बसते. आजच्या उन्नयनाची शक्यता मुख्यतः या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

चित्रनिर्मितीची प्रक्रिया : पडद्यावरील चित्र सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते. १,९२० × १,०८० मापाच्या पडद्यावर असे २०,७३,६०० बिंदू असतात. हालचाल सलग भासण्यासाठी खेळातील चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढणे इष्ट मानतात. त्यासाठी प्रत्येक चित्राला सु. १६.७ मिलिसेकंदांचा अवधी मिळतो व सेकंदाला १२ कोटींहून अधिक बिंदूंचे रंग ठरवावे लागतात.

हे काम दोन घटकांत विभागलेले असते. मध्यवर्ती प्रोसेसर खेळाचे नियम चालवितो. पात्रे कोठे आहेत, चेंडू कोठे आदळला, कोणती वस्तू दृष्टीच्या टप्प्यात आहे हे ठरवितो आणि त्यानुसार चित्र काढण्याच्या सूचना तयार करतो. जीपीयू त्या सूचनांवरून प्रत्यक्ष चित्र काढतो. प्रोसेसरमध्ये थोडी पण बहुगुणी गणनएकके असतात, तर जीपीयूमध्ये शेकडो वा हजारो साधी गणनएकके एकाच वेळी निरनिराळ्या बिंदूंवर काम करतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात जीपीयू प्रोसेसरच्याच चकतीवर असतो आणि तो संगणकाची सामाईक स्मृती वापरतो. डीडीआर-३ प्रकारच्या १,६०० गतीच्या दोन रॅमपट्ट्या मिळून सेकंदाला सु. २५.६ गिगाबाइट माहिती पुरवितात. याउलट जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) या साध्या कार्डाची स्वतःची स्मृती सेकंदाला ११२ गिगाबाइट माहिती पुरविते. अंगभूत जीपीयू खेळांत मागे का पडतो, याचे एक मुख्य कारण या फरकात आहे.

मर्यादक घटकाचे निदान : प्रोसेसर व जीपीयू ही दोन्ही साखळीतील कड्यांप्रमाणे एकामागोमाग काम करतात, एक घटक चालू चित्र काढीत असता दुसरा पुढच्या चित्राची तयारी करीत असतो. त्यामुळे चित्रांचा वेग अधिक वेळ घेणाऱ्या घटकावरून ठरतो. उदा., एका संगणकात प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसरला १२ व जीपीयूला ४० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला २५ चित्रे मिळतील. चौपट वेगाचे कार्ड बसविल्यास जीपीयूला १० मिलिसेकंद लागतील. पण प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागतच असल्याने वेग १०० वर न जाता सु. ८३ वर थांबेल. दुसऱ्या एका संगणकात प्रोसेसरला २५ व जीपीयूला २० मिलिसेकंद लागत असतील, तर तेथे तेच महागडे कार्ड बसवूनही वेग पूर्वीइतकाच, म्हणजे सेकंदाला ४० चित्रे, राहील.

मर्यादक घटक ओळखण्याची एक साधी परीक्षा कोणालाही करता येते. खेळाच्या मांडणीत चित्राचे माप १,९२० × १,०८० वरून १,२८० × ७२० वर आणल्यास बिंदूंची संख्या निम्म्याहून कमी होते. त्यामुळे जीपीयूचे काम घटते, प्रोसेसरचे मात्र जवळजवळ तेवढेच राहते. असे केल्यावर वेग ठळकपणे वाढला, तर उणीव ग्राफिक्स कार्डाची समजावी; वेग जागच्या जागी राहिला, तर ती प्रोसेसरची वा रॅमची असते. खेळ मधूनच क्षणभर गोठत असेल आणि त्याच वेळी हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकत असेल, तर रॅम अपुरी असल्याचा किंवा डिस्क मंद असल्याचा संशय घ्यावा. ही परीक्षा केल्याशिवाय कोणताही भाग विकत घेऊ नये.

ग्राफिक्स कार्डाची निवड : कार्डाच्या गणनशक्तीबरोबर त्याची स्मृती, त्याची लांबी व मदरबोर्डशी असलेली जोडणी या गोष्टी पाहाव्या लागतात. पृष्ठभागांची चित्रे कार्डाच्या स्मृतीत मावेनाशी झाली की ती संगणकाच्या मुख्य स्मृतीतून खाचेवाटे आणावी लागतात व वेग एकदम घसरतो. खाचेची क्षमता आवृत्तीनुसार सु. दुपटीने वाढत गेली आहे. सोळा मार्गिकांच्या खाचेतून दुसऱ्या आवृत्तीत सेकंदाला ८, तिसऱ्या आवृत्तीत सु. १६ व चौथ्या आवृत्तीत सु. ३२ गिगाबाइट माहिती एका दिशेने जाऊ शकते. मात्र काही स्वस्त कार्डे सोळाऐवजी चारच मार्गिका वापरतात. एएमडी कंपनीचे रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी (२०२२) हे याचे उदाहरण होय. चौथ्या आवृत्तीच्या नव्या मदरबोर्डवर त्याला सेकंदाला सु. ८ गिगाबाइट वहनक्षमता मिळते, तिसऱ्या आवृत्तीच्या जुन्या मदरबोर्डवर सु. ४, तर दुसऱ्या आवृत्तीवर अवघी २ गिगाबाइट. या कार्डाची स्मृती ४ गिगाबाइट एवढीच असल्याने खाचेची ही उणीव प्रकर्षाने जाणवते. जुन्या संगणकाच्या मालकाला परवडावे अशा किंमतीचे कार्ड जुन्या संगणकातच कमी पडते, असा हा विरोधाभास आहे.

कार्यालयांतून मोडीत काढलेले नामांकित कंपन्यांचे संगणक पुनर्विक्रीच्या बाजारात स्वस्त मिळतात व खेळांसाठी त्यांचे उन्नयन करण्याकडे कल असतो. अशा संगणकांची पेटी अनेकदा अरुंद असते व तीत कमी उंचीची कार्डेच बसतात. काहींचा वीजपुरवठा घटक व त्याच्या जोडण्या त्या कंपनीच्या खास मापाच्या असल्याने तो बदलणे अवघड जाते.

वीजपुरवठा : व्यवहारात एसएमपीएस या नावाने ओळखला जाणारा वीजपुरवठा घटक उन्नयनात बहुधा दुर्लक्षिला जातो. पीसीआय एक्सप्रेस खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट शक्ती मिळते. सहा टाचण्यांच्या जादा जोडणीतून आणखी ७५ व आठ टाचण्यांच्या जोडणीतून १५० वॉट शक्ती घेता येते. जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय अथवा जीटीएक्स १६५० (२०१९) यांच्या मूळ आवृत्त्या खाचेतील ७५ वॉटमध्येच भागवितात; म्हणून लहान एसएमपीएस असलेल्या संगणकांत त्या विशेष वापरल्या गेल्या. याहून मोठ्या कार्डासाठी एकूण मागणीचा हिशेब करावा लागतो. उदा., प्रोसेसरला ६५, कार्डाला १३० व इतर भागांना ५० धरल्यास मागणी २४५ वॉट होते. क्षणिक वाढ व जुनेपणामुळे येणारी घट लक्षात घेता येथे ४०० ते ४५० वॉटचा चांगल्या प्रतीचा घटक योग्य ठरतो. घटकावर छापलेल्या एकूण वॉटपेक्षा त्याच्या १२ व्होल्ट शाखेची क्षमता अधिक महत्त्वाची असते, कारण प्रोसेसर व कार्ड यांना शक्ती मुख्यतः तिच्यातूनच मिळते. आवश्यक जोडणी नसलेल्या एसएमपीएसला हार्ड डिस्कच्या तारांवरून रूपांतरक लावून मोठे कार्ड चालविणे धोक्याचे आहे. बारीक तारा तापून आवरण वितळू शकते. उन्नयनातील हा एकच भाग असा आहे की, त्यातील चुकीने केवळ पैसे वाया न जाता आग लागण्याचाही संभव असतो.

बाहेरून येणारा वीजपुरवठा स्थिर असणेही आवश्यक आहे. भिवंडीत जानेवारी २००७ पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर कंपनी वीज वितरणाचे काम पाहते. यंत्रमागांमुळे येथील विजेची मागणी मोठी आहे. खेळ चालू असता वीज गेल्यास डिस्कवरील माहिती बिघडण्याची शक्यता असते, म्हणून यूपीएस वापरतात. कार्ड बदलल्यावर वाढलेला भार जुना यूपीएस पेलेल किंवा नाही, हेही पाहणे जरूर असते.

उष्णता व स्वच्छता : प्रोसेसर ठराविक तपमानापलीकडे तापला की स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. बहुतेक प्रोसेसरांत ही मर्यादा ९०° ते १००° से. च्या आसपास असते. अनेक जुने संगणक केवळ याच कारणाने मंद झालेले असतात. पंखा व त्याखालील धातूच्या पात्या यांत धूळ साचते, तसेच प्रोसेसर व पात्या यांच्यामधील उष्णतावाहक लेप कालांतराने वाळतो. नारपोलीसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. हे तंतू पात्यांच्या फटींत गुंतून नमद्यासारखा थर तयार करतात व हवेचा मार्ग बंद होतो. अशा ठिकाणी पेटी ठराविक मुदतीने उघडून स्वच्छ करणे व लेप बदलणे हे सर्वांत स्वस्त उन्नयन ठरते. ते आधी करून मगच निदानाची परीक्षा घ्यावी. अन्यथा सुस्थितीतील प्रोसेसर निकामी ठरविला जाण्याची शक्यता असते.

स्मृती व संचय साधने : रॅमचे प्रकार परस्परांच्या जागी चालत नाहीत. डीडीआर-३ (२००७), डीडीआर-४ (२०१४) व डीडीआर-५ (२०२०) या पट्ट्यांची खोबण निरनिराळ्या जागी असते. त्यामुळे मदरबोर्ड ज्या प्रकारासाठी बनविलेला असेल, तोच घ्यावा लागतो. एका मोठ्या पट्टीपेक्षा समान क्षमतेच्या दोन पट्ट्या जोडीने बसविल्यास माहितीवहनाचा वेग दुप्पट होतो. अंगभूत जीपीयूवर खेळणाऱ्यास याचा विशेष लाभ होतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरील हव्या त्या जागी पोहोचण्यास सु. १० मिलिसेकंद लागतात, तर घनावस्था संचयास, म्हणजे एसएसडीला, ०.१ मिलिसेकंदाहून कमी वेळ पुरतो. जुन्या संगणकात साटा जोडणीची एसएसडी बसविल्याने खेळातील चित्रांचा वेग फारसा वाढत नाही. पण संगणक सुरू होणे, खेळ उघडणे व नवे दृश्य येणे यांतील खोळंबा कमी होतो. इतर सर्व कामांतही हा फरक जाणवत असल्याने अभ्यास व खेळ यांसाठी एकच संगणक वापरणाऱ्या कुटुंबास हा बदल सर्वाधिक उपयोगी पडतो. अधिक वेगाच्या एनव्हीएमई एसएसडीवरून मात्र अनेक जुने मदरबोर्ड संगणक सुरू करू शकत नाहीत.

प्रोसेसर व मदरबोर्ड : प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो ती बैठक इंटेल कंपनीने २०११, २०१३, २०१५, २०२० व २०२१ मध्ये बदलली. त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर त्याच पिढीतील अधिक सबळ प्रोसेसर तेवढा बसविता येतो. एएमडीने २०१६ मध्ये आणलेली एएम-४ ही बैठक दीर्घकाळ टिकविली. तिच्या पहिल्या पिढीतील अनेक मदरबोर्डांवरही अंतःस्थ आज्ञावली अद्ययावत करून २०२२ मधील प्रोसेसर चालतात. बैठकीची ही मर्यादा आल्यावर मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅम ही तिन्ही एकदम बदलावी लागतात. येथे उन्नयन संपून नव्या संगणकाची जुळणी सुरू होते. सुवाह्य संगणकात, म्हणजे लॅपटॉपमध्ये, ही सीमा फार लवकर येते. कारण त्यातील प्रोसेसर व जीपीयू बहुधा फलकाला कायमचे जोडलेले असतात आणि बदलण्याजोगे भाग रॅम व संचय साधन एवढेच उरतात.

आज्ञावलीच्या मर्यादा : यंत्रभाग पुरेसे असूनही आज्ञावलीमुळे उन्नयन निष्फळ होऊ शकते. विंडोज १० या परिचालन प्रणालीची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तर विंडोज ११ (२०२१) साठी ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आवश्यक ठरविण्यात आली आहे. खेळांच्या विक्रीचे स्टीम हे व्यासपीठ १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ व ८ यांवर पाठबळ देत नाही. काही खेळ जुन्या प्रोसेसरमध्ये नसलेल्या आज्ञासंचांची, तर काही प्रकाशकिरणांचा मार्ग गणणाऱ्या विशेष जीपीयूची अपेक्षा करतात. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) हा या दुसऱ्या प्रकारचा खेळ आहे. दुसऱ्या बाजूने आज्ञावलीमुळे जुन्या कार्डाचे आयुष्य वाढलेही आहे. कमी मापाचे चित्र काढून ते गणिताने मोठे करण्याची एएमडीची एफएसआर ही पद्धत (२०२१) इतर कंपन्यांच्या व जुन्या कार्डांवरही चालते.

जुन्या भागांचा बाजार : ग्राफिक्स कार्डांच्या किंमती खेळाबाहेरील कारणांनी बदलत आल्या आहेत. आभासी चलनाच्या गणनेसाठी मागणी वाढल्याने २०२०–२२ या काळात कार्डे दुर्मिळ व महाग झाली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने गणनपद्धती बदलल्यावर त्यासाठी राबविलेली कार्डे मोठ्या संख्येने जुन्या बाजारात आली. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने रॅमच्या किंमतीही झपाट्याने चढल्या. जुने कार्ड घेताना ते पूर्ण भाराखाली काही वेळ चालवून पाहणे, पंखे तपासणे व पडद्यावर ठिपके वा पट्टे उमटत नाहीत याची खात्री करणे आवश्यक असते.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरण : उन्नयनाचे तत्त्व महासंगणकांसही लागू पडते. पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राच्या (सी-डॅकच्या) परम युवा (२००८) या महासंगणकाची कमाल गती ५४ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ५४ लाख कोटी गणनक्रिया, एवढी होती. त्याची उन्नत आवृत्ती परम युवा–२ फेब्रुवारी २०१३ मध्ये कार्यान्वित झाली. मुख्य प्रोसेसरांच्या जोडीला सहप्रोसेसर दिल्याने तिची कमाल गती ५२४ टेराफ्लॉप झाली आणि विजेचा वापर मात्र पूर्वीपेक्षा सु. ३५ टक्क्यांनी घटला. याच केंद्राच्या परम सिद्धी–एआय (२०२०) या महासंगणकात तर खेळांसाठी विकसित झालेल्या जीपीयूंचेच वंशज वापरले आहेत. [⟶ महासंगणक].

उन्नयनाची मर्यादा : स्वच्छता, रॅम, एसएसडी, एसएमपीएस व ग्राफिक्स कार्ड या क्रमाने विचार केल्यास खर्च हळूहळू वाढत जातो आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून परिणाम तपासता येतो. एसएसडी, एसएमपीएस व कार्ड हे भाग पुढे नव्या संगणकातही वापरता येतात. जुन्या प्रकारची रॅम किंवा जुन्या बैठकीचा प्रोसेसर यांवरील खर्च मात्र त्या संगणकाबरोबरच संपतो. म्हणून या दोहोंवर बेताने खर्च करणे हिताचे असते.

काढून टाकलेल्या भागांत शिसे व इतर विषारी द्रव्ये असतात. भंगारात गेलेले फलक उघड्यावर जाळून वा अम्लात बुडवून धातू काढले जातात, तेव्हा त्यांचा अपाय ते काम करणाऱ्यांना व परिसराला होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या इलेक्ट्रॉनिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार (२०२२) अशा कचऱ्याच्या पुनश्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर असून ते नोंदणीकृत पुनश्चक्रीकरण केंद्रांतूनच होणे आवश्यक आहे. चालू स्थितीतील जुना भाग दुसऱ्या संगणकात वापरणे हा त्याहून चांगला मार्ग होय. खेळण्यास अपुरी पडलेली चार गिगाबाइटची रॅम किंवा साधे कार्ड एखाद्या विद्यार्थ्याच्या संगणकाला आणखी काही वर्षे पुरू शकते.